आईवडलांचं घर हलवायचंय, पैसे देऊन माणूस लावला तर चालेल का?

पत्र थोडक्यात असं आहे: "मी पुण्यात नोकरी करते, भाऊ बेंगळुरूला. आईबाबा कोल्हापुरात शुक्रवार पेठेत जुन्या दुमजली घरात राहतात, बाबा ७९ वर्षांचे, रिटायर्ड शिक्षक, आई ७४. २०१९ ला घरात पाणी आलं, २०२१ ला परत आलं, आणि आता बाबांना गुडघ्यामुळे माडीवर चढता येत नाही, म्हणून राजारामपुरीत लिफ्ट असलेला टू बीएचके घेतलाय. एवढा संसार त्यात बसवायचा कसा? मला सलग चार दिवसांच्या वर रजा मिळत नाही. मी म्हटलं सामान निवडायला, बांधायला आणि तिकडे लावून द्यायला कुणीतरी प्रोफेशनल माणूस बघू, तर आई म्हणते परक्या बाईला कपाटं उघडून दाखवायची का, काका म्हणतात तालमीची पोरं आहेत की, आणि बाबा म्हणतात मी मेल्यावर काय ते करा. दिवाळीपासून हेच चाललंय. पैसे देऊन आईवडलांचं काम करून घेतलं तर मी वाईट मुलगी ठरते का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी उरकून टाकते. नाही ठरत. आणि जे कोण तसं म्हणतील त्यांना सोमवारी सकाळी नऊ वाजता माळ्यावरची भांडी उतरवायला बोलवा, कोण कोण येतंय ते दिसेलच.

माणूस लावा, हे माझं स्पष्ट मत. पण कशासाठी लावताय ते आधी डोक्यात पक्कं करा, कारण बहुतेक घरांत पैसे ओझं उचलायला दिले जातात आणि ओझं उचलायला कोल्हापुरात माणसं कधीच कमी नव्हती. अडचण ओझ्याच्या आधी सुरू होते. चौदा पितळी डब्यांतले चार ठेवूया, दहा देऊया असं तुम्ही म्हणता तेव्हा आईला ऐकू येतं की लेक माझा संसार मोडायला बसलीय, तुम्ही म्हणता "हे कशाला ठेवलंय अजून" आणि बाबांना वाटतं आता ही मला हिशेब विचारणार, आणि हेच वाक्य वहिनींच्या तोंडून गेलं तर मग पुढची दोन वर्षं तोच विषय. परकी बाई तोच डबा हातात घेते आणि विचारते, काकू हा कुणी दिलेला हो? काकू पंधरा मिनिटं गोष्ट सांगतात, लग्न कुठं होतं, मामा कसे बैलगाडीतून आले, आणि शेवटी स्वतःच म्हणतात जाऊ दे, भाचीला देऊया, तिच्याच आजीनं दिलेला. त्या बाईला डब्यात वाटा नको असतो, तिचं कुणाशी जुनं भांडण नसतं आणि तिची रजा रविवारी संपत नसते. हिशेब घालायचाच तर ह्या गोष्टीचे पैसे द्यायचे.

अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे, सिनिअर मूव्ह मॅनेजर म्हणतात, त्यांची राष्ट्रीय संघटना २००२ पासून आहे, ती माणसं सामान निवडण्यापासून नवीन घरात पलंगावर चादर घालून देईपर्यंत सगळं करतात. आपल्याकडे पुण्यामुंबईत घर लावून देणाऱ्या होम ऑर्गनायझर बायका मिळायला लागल्यात, पण त्यांचा भर कपाट सुंदर दिसण्यावर जास्त असतो, म्हाताऱ्या माणसाबरोबर बसून राहण्यावर कमी. तुम्ही कोल्हापुरात एकाच माणसाकडे सगळं मागू नका. काम तीन तुकड्यांत पाडा. एक बाई निवडायला आणि लावायला, तीच सगळ्याची मुकादम. दुसरे टेम्पोवाले आणि हमाल, एका दिवसापुरते. तिसरे सुतार आणि इलेक्ट्रिशियन, पलंग खोलायला, जोडायला, गिझर-पंखे-इन्व्हर्टर काढून बसवायला.

मुकादम बाई कुठं शोधायची? तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन विचारा, तिथं कुणी ना कुणी नुकतंच घर हलवलेलं असतंच. घरी पेशंट सांभाळायला माणसं देणारे ब्युरो आहेत, त्यांच्याकडच्या अनुभवी मावशी ह्या कामाला फार चांगल्या, कारण म्हातारपणातली चिडचिड त्यांना नवीन नसते. किंवा एखाद्या रिटायर्ड बाई, आधी ऑफिसात किंवा शाळेत काम केलेल्या, हातात वही धरायची सवय असलेल्या. आधार कार्डाची कॉपी, फोटो घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, आधीच्या दोन घरांशी स्वतः फोनवर बोला आणि त्यांना "कामाला कशी आहे" असं मोघम न विचारता "तुमच्या आई चिडल्या तेव्हा तिनं काय केलं" असं विचारा. आणि पहिल्या भेटीत एकच गोष्ट बघायची, ती आईशी बोलते का आईच्या डोक्यावरून तुमच्याशी बोलते. आई समोर बसलेली असताना "ह्यांचं किती सामान आहे" असं तुम्हाला विचारलं की चहा पाजून पाठवून द्यायचं, पुढं जायचं नाही.

एक नियम मात्र कुणी काही म्हणो मोडायचा नाही. जो सामान निवडतो किंवा बांधतो, त्यानं त्यातलं काही विकत घ्यायचं नाही आणि विकायला ओळखीचा माणूसही आणायचा नाही. "काकी ही जुनी भांडी मी घेऊन जातो, चांगला भाव देतो" हे वाक्य आलं की समजायचं की आता निवड आईच्या सोयीनं होणार नाही, त्याच्या सोयीनं होणार. तांब्या-पितळेची मोड वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाला, तांबं वेगळं पितळ वेगळं डोळ्यांसमोर तोलून, आणि दोन दुकानांत भाव विचारूनच.

आता आईचं कपाटाचं म्हणणं. ते बरोबर आहे हो, उगाच हसण्यावारी नेऊ नका. परक्या माणसाला कपाट उघडून दाखवायचंच नाही, म्हणजे ठरावीक कपाट. सोनं बाई यायच्या आधी लॉकरला जाऊ दे, लॉकरवर नॉमिनी लावलाय का तेही त्याच फेरीत बघून घ्या. खरेदीखत, मिळकत पत्रिका, घरफाळ्याच्या पावत्या, एफडी, विमा, मृत्युपत्र केलं असेल तर ते, पेन्शनची कागदं, सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी टेम्पोत जाणार नाही, तुमच्याबरोबर रिक्षात किंवा गाडीत जाणार. दवाखान्याची फाईल आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दुसऱ्या पिशवीत. आईचं एक कपाट आणि देवघर आईनंच आवरायचं, तिच्या वेळेनं, कुणी हात लावणार नाही, हे बाईला पहिल्याच दिवशी आईच्या देखत सांगायचं. मग बाकीची कपाटं आई स्वतःहून उघडते की नाही बघा.

डाळी-तांदळाचे डबे मात्र तळापर्यंत ओतून बघा, ह्या वयाच्या बायकांनी कुठं काय ठेवलेलं असतं त्यांनाही आठवत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या तर त्यांचं आता काही होत नाही, आठवण म्हणून चार ठेवा पण दहापेक्षा जास्त जवळ बाळगू नका, २०१७ च्या कायद्यानं त्याला दंड आहे. दोन हजाराची निघाली तर खुशाल हसा, ती अजून चलनात आहे, रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला पोस्टानं पाठवून पैसे खात्यात घेता येतात.

बाबांशी वाद घालू नका. "मी मेल्यावर करा" ह्याला उत्तर नसतं, कुठलंही उत्तर दिलं तरी भांडणच होतं. त्यांना काम द्या. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस आहे, त्यांच्या हातात एक दोनशे पानी वही द्या, प्रत्येक बॉक्सवर मोठ्या अक्षरात नंबर आणि वहीत त्या नंबरासमोर आत काय आहे, कुठल्या खोलीत जाणार आणि कुणाच्या देखत बंद केला. टेम्पोत चढताना तेच नंबर वाचणार, उतरताना तेच टिक करणार. ही नुसती समजूत नव्हे हं, त्या वहीशिवाय तुम्हाला नव्या घरात पंधरा दिवस गाळणी सापडणार नाही.

निवडायला रोज सकाळी चहानंतर दोन तास, बास. दुपारी त्यांना झोपू दे. सुरुवात अशा जागेपासून करा जिथं कुणाचा जीव अडकलेला नाही, म्हणजे परड्यातलं भंगार, माळ्यावरचे रिकामे डबे, जुने रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, बारदानं. पहिल्याच दिवशी फोटोंची ट्रंक उघडली की त्या महिन्यात दुसरं काही होत नाही, मी अशी घरं बघितलीत. फोटो, पत्रं शेवटी, आणि खरं तर ती नव्या घरीच नेऊन निवांत बघा, एक ट्रंक मावते. मग स्वयंपाकघर. सोळा माणसांच्या हिशेबाची पातेली, घंगाळ, तांब्याचा बंब, जातं, पाटा-वरवंटा. जातं फ्लॅटमध्ये नेऊन काय करणार म्हणून हसू नका, एखादी वस्तू उपयोग नसतानाही न्यायचीच, तेवढी जागा धरून ठेवा, आईला एक मागू दे. बंब निवडला तर बंब. बाकीच्या भांड्यांवर बघा नावं घातलेली असतात, कुणी दिलं, कधी दिलं. आईच्या हातानं त्या त्या माणसाकडे किंवा त्यांच्या मुलांकडे परत जाऊ दे, मोडीत जाण्यापेक्षा तिला ते सोपं जातं आणि घेणारीला पण भारी वाटतं. वाकळा, गाद्या, लुगडी निवडताना एक लक्षात ठेवा, पुराचं पाणी लागलेलं आणि नीट न वाळलेलं काही फ्लॅटमध्ये न्यायचं नाही, बंद खोलीत वास बसतो तो जात नाही.

भाऊ फोनवरून "सगळं विकून टाक, नवीन घेऊ" म्हणत असणार. (असतोच एक.) देण्याच्या वस्तूंचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, नंबर द्या, रविवारपर्यंत ज्याला हवं त्यानं नंबर लिहायचा आणि महिन्याभरात स्वतः येऊन न्यायचं. न्यायला कुणी आलं नाही तर आई ठरवेल ते. "तुझ्याकडे राहू दे, मी नंतर नेतो" ह्याला नाही म्हणा.

बाबांची पुस्तकं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि पेठांतूनही वाचनालयं आहेत, पण पोती भरून दारात नेऊन टाकू नका, आधी यादी दाखवा, त्यांना हवी ती ते घेतील, पाठ्यपुस्तकं आणि वाळवी लागलेली कुणी घेत नाही. जुन्या पेटाऱ्यात मोडी लिपीतली कागदं निघाली तर रद्दीवाल्याला देण्याआधी थांबा. मोडी वाचणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या, घराच्या किंवा शेताच्या हक्काचं काही असू शकतं. हक्काचं नसेल पण जुनं असेल तर कोल्हापुरात सरकारचं पुरालेखागार आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, तिथं विचारा. बाबांना घेऊनच जा विचारायला.

तालमीच्या पोरांचं काय करायचं? बोलवा की. पुरात घरातनं माणसं काढली ती त्याच पोरांनी, जीव लावून येतील, पण त्यांना काचेचं आणि फ्रिज देऊ नका. दहा पोरं आली की दहा जणांचा एक-एक सल्ला असतो, आणि कपाट जिन्यात घासलं तर कुणाला बोलायचं? फुकटच्या कामाला बोलता येत नाही. पोरांना भांडी, पुस्तकं, गाद्या द्या, जेवण घाला. लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, आरसे पैसे घेऊन करणाऱ्यांनाच.

गावातल्या गावात जायचंय, त्यासाठी मोठ्या पॅकर्स-मूव्हर्स कंपनीची गरज मला वाटत नाही. पेठेच्या गल्लीत मोठी गाडी येतच नाही, छोटा हत्ती दोन-तीन फेऱ्या मारेल. पण कुणालाही घ्या, फोनवर "टू बीएचके ना, एवढे होतील" म्हणणारा अंदाज मारतोय हे समजून चाला. घरी येऊन किंवा निदान व्हिडिओ कॉलवर माळ्यासकट सगळं बघितल्यावरच कोटेशन घ्यायचं, लेखी, त्यात हमाल किती, पॅकिंगचं सामान कुणाचं, माडीवरनं उतरवायचे वेगळे घेणार का, नव्या घरी लिफ्ट बंद असली तर काय, पलंग जोडून देणार का, फुटलं तर कोण भरणार, सगळं. ॲडव्हान्स थोडाच, बाकी सामान उतरल्यावर. ठरलेल्यापेक्षा दुप्पट पैसे मागायचे आणि दिल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही ही फसवणूक ह्या धंद्यात सर्रास चालते, आणि म्हातारी माणसं दारात उभी असली की चटकन पैसे काढून देतात, म्हणून व्यवहाराला तुम्ही किंवा मुकादम बाई, आईबाबा नाहीत. कंपनी घेतलीच तर जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळतंय का. "आयबीए अप्रूव्हड" असं लिहिलेलं असतं त्यावर भाळू नका, ती बँकांच्या संघटनेची यादी बँकांच्या कामासाठी असते, आणि यादीत नसलेलेही खुशाल छापतात. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पैसे तुम्ही भरले असतील तर २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार पुण्यातनंही करता येते.

नव्या फ्लॅटचं एक काम आजच करा. टेप घेऊन दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. मग पलंग, कपाट, टेबल ह्यांच्या मापाचे जुने पेपर कापून फ्लॅटच्या फरशीवर अंथरा आणि बाबांना त्यातनं काठी घेऊन चालायला सांगा. कुठलं फर्निचर येणार ह्याचा वाद अर्ध्या तासात मिटतो, कारण "मावत नाही" हे तुम्ही म्हणत नाही, फरशी म्हणते. बाथरूमच्या धरायच्या दांड्या, रात्रीचा छोटा दिवा, घसरणाऱ्या मॅटचा नायनाट, हे सगळं राहायला जायच्या आधी. जुन्या घरी बाबा पलंगावरून ज्या बाजूला उतरून बाथरूमला जातात तीच बाजू इथंही ठेवता आली तर बघा, रात्री अर्धवट झोपेत पाय जुन्याच सवयीनं पडतात.

सामान हलवायच्या दिवशी आईबाबांना कुणाकडे तरी ठेवा असं लोक सांगतात, मला पटत नाही. आपलं घर रिकामं होताना बघायचा त्यांचा हक्क आहे. फक्त दिवसभर नको. सकाळी देव, कलश, थोडी डाळ-तांदूळ घेऊन ते पुढं जाऊ देत, तिथं दूध उतू घालू देत, पलंग आणि गॅस पहिल्या फेरीतच जोडून घ्या म्हणजे दुपारी त्यांना आपल्याच अंथरुणावर पाठ टेकता येईल. तुमची चार दिवसांची रजा निवडण्यात घालवू नका, ह्या दिवसाला आणि त्यानंतरच्या तीन दिवसांना ठेवा. आणि मुकादम बाईला पुढं अजून आठ-दहा दिवस रोज दोन तास येऊ दे, शेवटचा हप्ता बॉक्स रिकामे झाल्यावर, टेम्पो रिकामा झाल्यावर नाही.

मुहूर्त आईला काढू दे, पण फेब्रुवारी-मार्चमधलाच काढा म्हणावं. एप्रिल-मेमध्ये वर्षाची चटणी असते, तेव्हा आई ऐकणार नाही. आणि जून उजाडला की मग तुम्हाला माहीतच आहे, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, रोज सकाळी उठून तो आकडा बघत बसायचं. म्हणून "उरलेलं नंतर बघू" म्हणत जुन्या घराच्या सोप्यात काही ठेवू नका. जे ठेवायचंच ते माडीवर.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगते. फ्लॅट आईबाबांच्या नावावर राहू दे. पेठेतलं घर पुढंमागं मुलांच्या नावावर करायचं ठरलं तर आईबाबांना सांभाळायची अट कागदावर लिहूनच करा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाचा (सांभाळलं नाही तर दिलेलं घर परत मागता येतं) आधार तेव्हाच नीट मिळतो, तुमच्यावर किंवा भावावर अविश्वास म्हणून नव्हे. आणि ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे, हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घालून द्या.

पत्त्यांची कामं बाबांच्याच वहीत शेवटच्या पानावर लिहा: आधार, बँक, पेन्शन, रेशन कार्ड, मतदार यादीसाठी फॉर्म ८, महावितरण, पेपरवाला, दूधवाला. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये दिलाय ना तेवढं विचारून घ्या. गॅस एजन्सीत मात्र ह्याच आठवड्यात जा, राजारामपुरी त्यांच्या हद्दीत येत नसेल तर कनेक्शन ट्रान्सफर करावं लागेल, आणि भरलेलं सिलिंडर टेम्पोत सामानाबरोबर घालायला हमाल तयार झाले तरी तुम्ही घालू देऊ नका.